शून्याचं टोक

कडा, ता. आष्टी
१४ डिसेंबर २०२५

ती. अक्कास,
कृ. सा. न. वि. वि.

मी टेप ओढला तेव्हा पलीकडून कुणीतरी धरून होतं.

मन्मथअप्पा तोवर पडले होते. पाइप माझ्या हातात होता. सत्यम ट्रॅक्टर सुरू करायला गेला होता. टेपचं एक टोक अप्पांच्या मनगटाला गुंडाळलेलं होतं आणि बाकीचा टेप जमिनीवरून सरळ तुरीत गेला होता. मी ओढला. आला नाही. पुन्हा ओढला, तेव्हा तिकडून सुटला आणि सरसर माझ्या पायाशी आला. तूर डोक्याच्या वर होती. मी आत जाऊन पाहिलं नाही. कावून पाहिलं नाही ते मला सांगता येत नाही. सत्यम मागून चल बे, चल बे करत होता.

तेव्हापासून एकच विचार करतो. अप्पांबरोबर गायरान मोजायला कोण गेलं असेल. शिबिराची पोरं तर मी आधीच भिववून ठेवली होती. अक्का, तू होतीस का? तेवढंच लिही.

फोन मी विहिरीत टाकला. नवा घेऊ नको म्हणून मामानं बजावलं आहे. पत्र मामाच्या नावानं टाक. पोस्टातल्या बाईनं पाकीट देताना विचारलं, प्रेमपत्र हाय का. मी हो म्हणालो.

मामीला मी आजारी आहे असं सांगितलं आहे. ती रोज एक भाकरी जास्त वाढते आणि मी ती खातो. मायला विचार, माझ्या शर्टाचं काय केलं.

तुझा लोभ होता. अजून आहे की नाही ते उत्तरावरून कळेल.

तुझा,
विजू


नांदूरघाट, ता. केज
२२ डिसेंबर २०२५

चि. विजयसिंह यास,
अनेक आशीर्वाद. हे लिहिताना हात थांबला, पण धाकट्या भावाच्या पत्राला दुसरी सुरुवात मला येत नाही.

हो. मी होते.

त्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला अप्पा दुकान महादेवीकाकूंवर सोडून आले. गायरान पुन्हा मोजायचं होतं. पहिल्या मोजणीत गावाची पंधरा गुंठे जमीन आपल्या कुंपणाच्या आत निघाली, तुझ्या हॉटेलाचं जोतं अख्खं त्यातच. तेव्हा तू गावभर सांगत सुटलास, की पोरांनी टेप वाकडा धरला. म्हणून अप्पांनी मला बोलावलं. तुझ्या सख्ख्या बहिणीनं शून्याचं टोक धरलं तर तुला बोलायला जागा राहणार नाही, असा त्यांचा हिशेब.

मी तुरीच्या आत, हद्दीच्या दगडापाशी उकिडवी बसले होते. नियम तुला पाठ आहे. पलीकडचा आकडा सांगेपर्यंत शून्य धरणाऱ्यानं हलायचं नाही.

तू आलास तेव्हा मला वाटलं, भांडायला आलास. पहिला फटका तू गुडघ्यावर मारलास. अप्पा एकदाच मोठ्यानं ओरडले, हलू नको. तुम्हाला वाटलं असेल, तुम्हा दोघांना म्हणाले. ते मला म्हणाले. त्यानंतर प्रत्येक फटक्याला टेप माझ्या मुठीत हिसका देत होता. मी नऊ मोजले. नवव्यानंतर टेप सैल पडला. मग तू ओढलास. मग सत्यमनं ट्रॅक्टर त्यांच्या पायांवरून पुढं नेला आणि तसाच मागं आणला.

मी ओरडले नाही. अप्पांनीच हलू नको म्हटलं होतं, असं मी रोज स्वतःला सांगते. हलू नको म्हणाले होते, ओरडू नको म्हणाले नव्हते. मी ओरडले असते तर तू थांबला असतास का? हे मला कळायला हवं, आणि ते तुझ्याशिवाय कुणी सांगू शकत नाही.

पंचनाम्यात गावानं अनोळखी वाहनाची धडक सांगितली. पाच जणांनी सह्या केल्या. एकानंही वर पाहिलं नाही. अप्पांच्या लिंगायत समाजात माणसाला मांडी घालून समाधीत बसवतात. अप्पांच्या पायांची मांडी होईना. हाडं कुठून कुठं गेली होती. शेवटी काकूंनी स्वतःच्या लुगड्यानं पाय बांधले आणि मगच खाली सोडू दिलं.

शिबिर यंदाही भरणार आहे. एकेचाळीस पोरापोरींनी नावं दिली. सभा कशी भरवायची, ठराव कसा मांडायचा, गावाची जमीन कशी मोजायची, हे सगळं अप्पांच्या वहीवरून मीच शिकवणार. गेली तेवीस वर्षं शिकवलेलं त्या वहीत आहे. तुझं नावही आहे. सोळाव्या वर्षी तू शिबिरातला सरपंच झालास, आबांचा फेटा बांधलास आणि तो भाषणात डोळ्यांवर आला, ही नोंदसुद्धा अप्पांनी केली आहे.

सव्वीस जानेवारीला शेवटच्या सभेत वऱ्हांड्यातल्या, शिबिराच्या कामात गेलेल्यांच्या फळ्यावर अप्पांचं नाव चढवायचं. इथं अडलं आहे. नाव चढवायला सूचक लागतो, अनुमोदक लागतो, आणि माणूस कसा गेला यातलं आपल्या डोळ्यांना काय दिसलं ते दोघांनी उभं राहून सांगायचं असतं. राधाकिशनकाका मांडव घालताना विजेच्या तारेला चिकटले, ते अप्पांनी सांगितलं होतं. बायडाबाई तुला विहिरीतून वर ढकलताना बुडाली, ते तू सांगितलंस. तिच्या खांद्यावर पाय देऊन वर आलो, असं तू सभेत म्हणालास आणि सगळा मांडव रडला. फळ्यावर तिच्या नावापुढं सूचक म्हणून अजून तुझं नाव आहे.

महादेवीकाकू काल घरी येऊन गेल्या. यंदा सूचक कोण, एवढंच विचारलं. गावात सगळे म्हणतात, आम्ही पाहिलं नाही. माय भाकरी थापत होती. भाकरी जळाली.

तुझा शर्ट तिनं दोन पाण्यांत धुतला. डाग जाईना तेव्हा चुलीत घातला. राखेत चार गुंड्या राहिल्या, त्या तिनं चंचीत ठेवल्या आहेत. फेकून का देत नाहीस असं विचारलं, तर जाळून जळलं न्हाई ते फेकून कुठं जाणार हाय, म्हणाली.

काळी म्हैस व्याली. रेडा झाला. थंडी लई आहे, कान बांधून झोपत जा. आशीर्वाद कमी केलेला नाही. उचलायला जड झाला आहे, एवढंच.

तुझी,
अक्का


कडा
३ जानेवारी २०२६

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तू विचारलंस, म्हणून सांगतो. नसतो थांबलो. तू ओरडली असतीस तर मी पाइप घेऊन तुरीत आलो असतो. आत आल्यावर तू दिसली असतीस. पुढचं मला माहीत नाही.

पहिला फटका मारेपर्यंत मला राग होता. पंधरा गुंठ्यांचा नाही. पहिल्या मोजणीला अप्पांनी माझ्यासमोर टेप लावला, मी तिथं उभा असून आकडा मोठ्यानं वाचला, त्याचा. पोरगा असताना मीच त्यांच्या टेपचं टोक धरायचो. पहिल्यानंतर राग नव्हता. हात आपोआप पडत होता. तू नऊ म्हणतेस. मला चार आठवतात.

परवा मामाच्या उसात साप निघाला. मी कोयत्यानं मारला. मेल्यावरही तोडत राहिलो. मामानं मागून दंड धरला आणि मला बांधावर बसवलं. मग तो कामाला गेला. मामीनं रात्रीची जास्तीची भाकरी वाढली नाही.

बायडाबाईचं कावून काढलंस? तिनं मला वर ढकललं ते काय आता असं ऐकून घ्यायला?

अक्का, सभेत उभी राहू नको. अपघात लिहा. माणूस गेला, त्याच्या नावापुढं काय लिहिलं त्यानं तो परत येत नाही. मी अजून हाय. तुला कुणाला वाचवायचं ते बघ. तू सूचक झालीस तर मी येईन. आल्यावर काय करीन ते हल्ली मला आधी कळत नाही. हे धमकी म्हणून लिहीत नाही. माहिती म्हणून लिहितो.

मला अक्षर तूच शिकवलंस, ळ काढता येईना म्हणून पट्टी मारायचीस. अक्षर अजून चांगलं आहे. ते बघून तरी राग धरू नको.

तुझा,
विजू


नांदूरघाट
१३ जानेवारी २०२६

चि. विजूस,
अनेक आशीर्वाद.

उत्तर वाचून बरं वाटलं. खरं सांगते. ओरडले असते तर अप्पा वाचले असते, हे ओझं तू उतरवलंस. ओरडले नाही, ते ओझं आहेच.

काल सूचक म्हणून मी माझं नाव दिलं.

मायला सांगितलं तेव्हा तिनं चुलीतलं जळतं लाकूड उचलून माझ्यावर फेकलं. पदर जळाला, दंडावर फोड आला. मग तिनंच त्यावर कोरफड लावली. लावताना म्हणाली, मला दोन लेकरं हायती, एक मारायला निघालीस तर दुसरं मी मेलं म्हणून समजते. तेव्हापासून ती मला ताट वाढते आणि पाठ करून बसते. ठरावाला अनुमोदक मिळणार नाही आणि तो आपोआप पडेल, म्हणून तिनं महादेवाला अभिषेक बोलला आहे. तिचं चुकत नाही. अनुमोदक नाहीच.

एक गोष्ट तुला सुचली नसेल. अनुमोदक तू होऊ शकतोस. माझ्याहून जवळून तूच पाहिलंस. बायडाबाईच्या वेळी उभा राहिलास, तसा उभा राहा. ये. हात मोकळे ठेवून ये.

तुझ्या धमकीला, तुझ्या शब्दात माहितीला, मी घाबरले आहे. घाबरून पत्र लिहिते आहे, हेही माहिती म्हणूनच लिहिते.

रेडकाला मायनं तुझं नाव ठेवलं आहे. अंगावर येतं, म्हणून.

तुझा माझा लोभ तुटला असं मी लिहिणार नाही. तू तोडलास तर ते तू लिही.

तुझी,
अक्का


नांदूरघाट
२६ जानेवारी २०२६

चि. विजूस,
आशीर्वाद.

हे डाव्या हातानं लिहिते. अक्षराला हसू नको. उजवा दोन ठिकाणी मोडला आहे.

तू काल दुपारी आलास. फावड्याचा दांडा हातात होता, त्यावरूनच मला उत्तर कळलं. मी हात आडवा धरला म्हणून डोकं वाचलं. पहिला हातावर, दुसरा हातावर, तिसरा पाठीत. तू मोजत नाहीस म्हणून सांगते. चौथ्याला माय दारातून धावत मध्ये आली. तू दांडा तिच्यावरही उगारलास. तो वर राहिला, खाली आला नाही. मग तू तो टाकलास आणि बांधावरून पळालास. तुझी एक चप्पल अंगणात राहिली आहे.

माय मला दवाखान्यात घेऊन गेली. परत येताना तिनं विचारलं, अप्पाला मारताना ह्याचं तोंड असंच झालतं का. मी हो म्हणाले.

आज सकाळी झेंडा झाला आणि मग सभा. मी उभी राहिले. सगळं सांगितलं. टेप, दगड, तूर. तुझं नाव, सत्यमचं नाव. मी लपले ते, ओरडले नाही ते. नऊ हिसके. सभा चालवणारी पोरगी, सायली, सतरा वर्षांची आहे. नियमाप्रमाणं तिनं अनुमोदक कोण म्हणून विचारलं. कुणी नाही. दुसऱ्यांदा विचारलं. पंचनाम्यावर सह्या केलेले पाचही जण पुढच्या रांगेत होते. दोघं उठले. मला वाटलं, बोलतील. ते बाहेर गेले. महादेवीकाकू बसल्या जागी अंगठ्यानं जमीन खरवडत होत्या. मग तिसऱ्यांदा.

बायकांमधून माय उठली.

तुला ठाऊक आहे, ती आजवर सभेत बोललेली नाही. आबा असताना तर तिनं मांडवात पाऊल ठेवलं नव्हतं. ती पुढं गेली. चंची सोडली आणि चार गुंड्या टेबलावर ठेवल्या. म्हणाली, शर्ट मी धुतला, मी जाळला, रक्त लई होतं. अप्पाला मारताना मी पाह्यलं न्हाई. पण काल माझ्या दारात त्याचा हात कसा पडतो ते पाह्यलं, आन् तो हात मी वळखते, तो मीच चालवायला शिकवला. एवढ्यानं अनुमोदन व्हतं का, म्हणून तिनं सायलीला विचारलं. सायलीनं वहीत पाहिलं. होतं, म्हणाली.

हात वर झाले. सगळ्यांचे नाही. ठराव मंजूर झाला. खाली सह्या झाल्या, मायचा अंगठा झाला, आणि नक्कल ठाण्यात गेली.

परत येताना महादेवीकाकूंनी मायचा हात धरला. मायनं तो सोडवून घेतला. दोघी थोडं अंतर ठेवून घरापर्यंत चालत आल्या.

तुझ्याबद्दल मनात काय आहे ते मला डाव्या हातानं लिहिता येत नाही.

तुझी,
अक्का

ता. क. २७ जानेवारी. सकाळी आठला रंगारी आला. फळ्यावर लिहिलं: मन्मथ. तेवीस वर्षं शिबिरात. गायरान मोजताना पाइपनं मारले गेले. सूचक सत्यशीला. अनुमोदक गीताबाई. नऊ वाजता पोलिसांची गाडी आली. मामाचं घर उसात आतल्या वस्तीवर आहे, त्यांना सापडायचं नाही, म्हणून रस्ता दाखवायला माय गाडीत बसली. तिच्या मांडीवर धपाट्यांचा डबा आहे, तुझी चप्पल आहे आणि हे पत्रही तिथंच ठेवते आहे.