रविवारी काढलेला फोटो

प्रिय दादा,

शुद्धलेखन चुकलं तर समजून घे, आठवीतच सुटलं ते. आईच्या फोनवर एका बोटाने टाइप करतेय, सकाळपासून. हसू नकोस. आज मला तुझं हसणं नकोय.

आपल्या वाळवणाच्या मैदानावर पाटी लागली. हिरवीगार. शाश्वत शहर प्रकल्प. खाली तीन शिक्के, नगरपालिका, गाड्या चार्ज करणारी कंपनी आणि तुझी युनिव्हर्सिटी. मधे मैदानाचा वरून काढलेला फोटो आणि त्यावर लिहिलंय, मोकळी, विनावापर जागा. मी ते वाचत उभी होते आणि माझ्या खांद्यावर हॉस्पिटलच्या ओल्या चादरींचा गठ्ठा होता. आजोबांपासून आपली चार घरं तिथे कपडे वाळवतात. मैदान गेलं की हॉस्पिटलचं काम गेलं.

बाबा पाठीला पट्टा बांधून नगरपालिकेत गेले, मी बरोबर. साहेब म्हणाले, नकाशा युनिव्हर्सिटीचा, त्यांना विचारा. तिथल्या बाई फार गोड. म्हणाल्या, आम्ही फक्त अभ्यास करतो हो काका, जागा कंपनी निवडते. वर म्हणाल्या, ड्रायर का नाही घेत? म्हणजे उन्हात फुकट वाळतंय ते बंद करा, वीज जाळा, आणि त्याला शाश्वत म्हणा. कंपनीवाला म्हणाला, जागा नगरपालिकेची, आम्ही नुसते चार्जिंगचे खांब रोवतो. तिघं मिळून काम करतात म्हणे. मिळून काय करतात ते मी पाहिलं. बाबांना फिरवतात.

तू ड्रोन घेऊन आलास तेव्हा आई किती मिरवत होती. शेजारच्या काकूंना हात धरून आणलं, आमचा मुलगा शहराचा नकाशा काढतोय. पंख अडकतील म्हणून तू सांगितलंस आणि मी सगळ्या दोऱ्या गुंडाळल्या. रविवार होता. रविवारी चादरी येत नाहीत हे तुला माहीत नव्हतं? त्याच चादरींमधे आपण लपाछपी खेळलो. त्यांच्यावरच तुझी फी निघाली, आणि बाबांची पाठ गेली तेव्हा त्या पिळायला शाळा सोडून मी घरी बसले. तेव्हाही बोलले नाही. तू पुटपुट म्हणतोस ना मला. मी बोलत नाही हे सगळ्यांना बरं पडतं.

फोटोखाली बारीक अक्षरात तुझं नाव आहे. बाबांना चष्म्याशिवाय दिसलं नाही. मी दाखवलं नाही. त्यांना वाटतं तू शहराचा नकाशा काढलास, हा फोटो दुसऱ्या कुणाचा. आईने पाहिलं. ती म्हणते, त्याचं डिग्रीचं वर्ष आहे, त्याच्या डोक्याला ताप नको, तू गप्प बस. मला गप्प बस म्हणते, बघ.

गुरुवारी अकरा वाजता सुनावणी आहे, नगरपालिकेच्या मोठ्या हॉलमधे. बोलणाऱ्यांच्या यादीत मी माझं नाव दिलंय. माईक असतो म्हणे. मी सांगणार आहे की फोटो रविवारचा आहे आणि दोऱ्या मी गुंडाळल्या होत्या. कुणी गुंडाळायला सांगितल्या असं विचारलं तर खोटं बोलणार नाही. बाबा पहिल्या रांगेत असतील. त्यांना ते माझ्याकडून कळायच्या आत तू ये आणि स्वतः सांग, एवढ्यासाठी हे लिहितेय. आलास तर तुझ्या शेजारी उभी राहीन. नाही आलास तरी बोलेन.

मांजरीला काल तीन पिल्लं झाली. तुझ्या निळ्या स्वेटरवर. तो आता विसर.

तुझीच,
पुटपुट