न भाजणारा हात

आरमोरी, जि. चांदा
३० जून १९५७

प्रिय सुगंधा,

तुझी दोन्ही पत्रे पोचली. गुणवंतरावांचे काही बोलणे मनाला लागले का, चार दिवस आधीच का निघून गेलीस, असे तू विचारतेस. कोणाचे काही लागले नाही. तुम्ही सगळ्यांनी माझे इतके लाड केले की गाडीत बसल्यावर त्याचीच जास्त लाज वाटत होती. हे पत्र दाराला कडी लावून एकटीने वाच, मग गुणवंतरावांना दे. थोरल्या कुमुदच्या हाती पडू देऊ नकोस.

मला महारोग झाला आहे. हे वाक्य मी मागच्या सहा कच्च्या पत्रांत अगदी शेवटी ठेवले होते. आज वर घेतले, कारण तोवरचे सगळे तू मला चांगली समजून वाचावेस हे बरोबर नाही. तुझ्या घरी, तुझ्या मुलांत मी सोळा दिवस कशी राहिले, ते मला जसे घडले तसे सांगायचे आहे.

कोपरावरचा फिकट चट्टा मला चार वर्षांपासून माहीत होता. मी त्याला शिबे म्हणत आले. मागच्या दिवाळीपासून उजव्या हाताची शेवटची दोन बोटे बधिर झाली, तर फळ्यावर लिहून लिहून होत असेल म्हटले. सुटी लागली आणि तुझ्याकडे यायला निघाले, तेव्हा वैनगंगेला घोट्याच्या वर पाणी असे पलीकडच्या काठालगतच्या धारेतच होते. इस्तारी ढिवराने मला डोंग्यातून पलीकडे नेले. उतरताना तो म्हणाला, "बाई, हातातून रगत येऊन राह्यलं न जी. काटा रुतला. तुमाले समजत नाई का?" मला खरेच समजले नव्हते. काठावरच्या बाभळीची फांदी धरून मी उतरले होते. त्याने काटा उपटला, हात सोडला नाही, आणि हळूच म्हणाला, "गिरजीचं बी पयले असंच झालं होतं, बाई." मी हात ओढून घेतला आणि, तुझे काम तू कर, असे त्याला सुनावले. तो हसला. "माहं काम तं झालं जी. तुमी पार झाल्या."

गिरजा त्याची बायको. तीन वर्षांपूर्वी तिचा रोग उघडा पडला तेव्हा गावाने तिला तळ्याच्या पाळीपलीकडे खोपटे बांधून दिले. त्याच आठवड्यात मी त्यांच्या बुधीचे नाव हजेरीतून काढले. मुलीच्या अंगावर काही नव्हते. इस्तारी शाळेच्या ओट्याखाली उभा राहून विचारत होता, "पोरगी तं साफ आहे जी, तिले काऊन काढता?" मी त्याला म्हटले, बाकीच्या मुलींचा विचार मला करावा लागतो. त्या दिवशीच्या रोजनिशीत 'कठीण, पण योग्य निर्णय' असे लिहिलेले आहे. ते पान परवा पुन्हा वाचले. अक्षर फार सुरेख आले आहे.

म्हणजे हा रोग काय करतो ते मला माहीत नव्हते असे म्हणायची सोय नाही. ब्रह्मपुरीहून नागभीडपर्यंतच्या मोटारीत आणि पुढे छोट्या रेल्वेगाडीत मी मनाशी ठरवत होते की नागपूरला पोचताच आधी दवाखान्यात जायचे. मग स्टेशनवर गुणवंतराव आणि तिन्ही मुले दिसली. धाकटी वच्छू धावत येऊन कमरेला बिलगली. मी तिला उचलून घेतले. दवाखाना राहिला.

त्यानंतरचे दिवस तुला माहीतच आहेत. महाराजबागेतला तो म्हातारा, टक्कल पडलेला सिंह, अंबाझरीवर कुमुदची चप्पल पाण्यात गेली ती, खसाच्या ताटीवर पाणी मारण्यावरून मुलांची भांडणे. मला इतके बरे वाटत होते की सकाळी उठल्यावर हाताची आठवण यायला थोडा वेळ लागे. आणि कुरड्यांचा तो दिवस. चीक खाली लागायला आला, तू सांडशी शोधत होतीस, आणि मी उकळत्या चिकाचा गंज दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवला. डावा हात पोळला. उजव्याला काही कळले नाही. शेजारच्या ताराबाई पाटावरून ओरडल्या, "अवं माय! मास्तरीणबाईचे हात का दगडाचे आहेत का व? पोरींले छड्या मारू मारू असे झाले दिसते!" सगळ्या हसल्या. तूही डोळे पुसत हसलीस. मग मुलांनी हट्ट धरला, "मावशी, पुन्हा." आणि सुगंधा, मी पुन्हा केले. एकदा नाही, चार दिवस. चुलीतला निखारा या हातातून त्या हातात फेकून दाखवला, चहाचे गरम भांडे तळव्यावर धरले. मुले टाळ्या वाजवत. मी तसे का केले याचा फार विचार केला. मुलांना हसवायला, हे खरे कारण नाही. जी गोष्ट हसण्यावारी गेली ती रोग कशी असेल, असे मला वाटत असावे.

मग एका दुपारी, मैत्रिणीकडे जाऊन येते म्हणून मी निघाले. आधी दवाखान्यातच गेले. डॉक्टर तरुण होते, सभ्य होते. त्यांनी टाचणीने टोचून पाहिले, कोपराजवळची शीर चाचपली, आणि फार वेळ लावला नाही. या गोळ्या बरीच वर्षे घ्याव्या लागतील, पण रोग आटोक्यात येईल, म्हणाले. मग विचारले, "बाई, घरात लहान मुले आहेत?" मी म्हटले, "नाहीत. मी एकटी असते." यातला शब्द न् शब्द खरा आहे. ते लिहून घेत होते तेवढ्या वेळात मला वच्छूचे नाव घेता आले असते. तू मागे अंथरुणाला खिळली होतीस तेव्हा दोन वर्षांची वच्छू आठ महिने माझ्याकडे आरमोरीला होती, माझ्या कुशीत झोपत होती, माझ्या ताटात जेवत होती. चट्टा तेव्हाही होता. हे मी डॉक्टरांना सांगितले नाही. सांगितले असते तर त्यांनी, मुलीला घेऊन या, म्हटले असते, आणि मला घरी येऊन तुझ्याशी बोलावे लागले असते.

तिथून मी खरोखरच रुखमाकडे गेले, सीताबर्डीवर. कॉलेजात एका बाकावर बसायचो आम्ही. तिने पेलाभर पन्हे पुढे केले आणि मी, निर्जळी उपास आहे, असे सांगून उंबरठ्यावरूनच परतले. "बुधवारी कोणता व उपास तुझा? तुले तं देवच मान्य नव्हता!" असे ती मागून म्हणत राहिली. रुखमाचा पेला आपण तोंडाला लावू नये एवढे मला सुचले. आणि तुझ्या घरी येऊन मी वच्छूला मांडीवर घेतले, तिची वेणी घातली, तिच्या हातचा अर्धा पेढा खाल्ला. परक्यापाशी माणूस सांभाळून वागते, आणि आपल्या माणसापाशी आपले काय सुटेल त्याचाच आधी विचार करते. निदान मी केला.

घरी येऊन तीन आठवडे झाले. शाळेला मी कारण लिहून राजीनामा पाठवला आहे. कारण लिहू नये, नुसते प्रकृतीचे सांगावे, असा सल्ला मिळाला होता. तो मी ऐकला नाही. कुमुदच्या लग्नाला मी येणार नाही. तिच्या सासरच्यांना काय सांगायचे ते तू आणि गुणवंतराव ठरवा. मला 'मेली' म्हणालात तरी माझी हरकत नाही, हे मी रागाने लिहीत नाही. तुला इतके दिवस न लिहिण्यामागे कुमुदच्या लग्नाची काळजी होती असे मी स्वतःला सांगत होते. ती दहातला एक वाटा असेल. बाकी सारी भीती होती, की तू माझे पत्र चिमट्याने धरशील.

आता ज्यासाठी हे लिहिले ते. निघण्याच्या आदल्या दिवशी सकाळी वच्छूला न्हाऊ घालताना तिच्या डाव्या खांद्याखाली मला एक फिकट डाग दिसला, चिंचोक्याएवढा. तो तू पाहिला असशील आणि जंताचा समजली असशील. आज पत्र मिळताच, उजेड असेतो, तिला अंगणात घेऊन बस आणि तो नीट पाहा. मग उद्याच तिला दवाखान्यात ने. पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे. बाकीच्या दोघांनाही दाखव. एवढ्या लवकर सापडले तर मूल पूर्ण बरे होते, काही व्यंग राहत नाही, हे डॉक्टरांनी मी न विचारताच सांगितले होते. तेव्हा लाजून एक दिवसही घालवू नकोस. मी एकवीस घालवले आहेत. तो डाग साधाच असेल अशी आशा मी तुला दिली असती, पण मी त्या दिवशी तिच्याशी एक खेळ खेळले. डोळे मिट, मी कापूस कुठे लावते ते बोटाने दाखव, असे तिला म्हटले. मानेवर लावला, दंडावर लावला, तिने लगेच दाखवले. मग मी त्या डागावर लावला. ती डोळे घट्ट मिटून, हसत, बोट वर धरून बसली होती. थोड्या वेळाने म्हणाली, "मावशी, लाव नं आता."

तुझीच,
इंदुताई