तामलवाडीवरून जाणारी अकरा दहाची फेरी

५ जानेवारी, सोमवार
नवी वही. संकल्प एकच : हेलिकॉप्टरचा रूट बदलणे. मुदत आठ दिवस. तुळजापूर स्टँडवर एकतीस वर्षं एसटीचा कंट्रोलर होतो. यात्रेत दिवसाला चारशे गाड्या सोडल्यात. हे तर एकच यान, तेही विनाथांबा.
सोलापूरहून भाविक घेऊन तुळजापूरला जातं. बरोब्बर आमच्या तामलवाडीच्या शेतावरून, मल्लम्माच्या समाधीवरून. दोन वर्षांपूर्वी जाताना बायकोने एकच मागितलं होतं : मला निवांत जागी बसवा. मी हो म्हणालो. आम्हा लिंगायतांत माती देतात ती बसवूनच. आडवी असती तर आवाज कानावरून गेला असता. बसलेल्या माणसाच्या थेट डोक्यात जातो.
समाधीला चुना दिला. दर सोमवारी देतो.

६ जानेवारी, ११.१०
आलं. समाधीजवळ चहा घेत होतो, कप थरथरला. आणि त्या आवाजाखाली मल्लम्मा स्पष्ट म्हणाली, ‘आली बघा.’
मी घरी यायचो त्या गाडीचा आवाज फाट्यावरून आला की ती पोरांना असंच म्हणायची. आता तक्रार म्हणूनच म्हणत असणार. अंगावर काटा आला. थंडी आहे.

८ जानेवारी
जिल्ह्याला फोन. आकाश आमच्याकडे नाही, मुंबईला विचारा. मुंबई म्हणाली, कंपनीला विचारा. कंपनीच्या बाई म्हणाल्या, पायलटला माहीत. तीन खाती हलली. प्रगती उत्तम.

१० जानेवारी
कंपनीला मेमो काढला. सून शिवरंजनीने टाइप केला, पण तिला प्रश्न फार. म्हणाली, ‘मामा, काल तर हेलिकॉप्टर आलंच न्हाय. तुमी कालचं बी अकरा दहा कसं लिवलाव?’ तिचे कान कमजोर आहेत.

१२ जानेवारी, सोमवार
मुदत संपली. प्रशासकीय कारणास्तव आठ दिवस वाढ. आज चुन्याचे दोन हात दिले, तिला बरं वाटावं म्हणून. यान इतकं खालून गेलं की टोपी उडाली. ‘आली बघा.’ मी ओरडलो, अगं, मेमो दिलाय!

१५ जानेवारी
उत्तर नाही. म्हणजे विचार चालू आहे.

१७ जानेवारी
मुजीब आला. माझ्या वेळचा ड्रायव्हर, आता हेलिपॅडवर इंधनाची गाडी चालवतो. पायलटला विचार म्हणून त्याला सांगितलं होतं. चहा घेतला. मग म्हणाला, ‘साहेब, रूट कुनी देत न्हाय. एवढ्या खालनं पायलट नजरेनंच जातो, खुना धरून. तामलवाडीत पांढरीफेक समाधी दिसली की तुळजापूरकडं वळायचं. लई ठळक हाय म्हनला, हप्त्याला कुनीतरी चुना देतंय.’
जाताना दारातून म्हणाला, ‘फेरी तुमीच सोडलालाव, साहेब.’

१८ जानेवारी
शेणमातीने समाधी सारवली. पांढरा ठिपका ठेवला नाही. सुनेने विचारलं, ‘आत्याबाईची समाधी अशी का केलाव?’ प्रशासकीय बाब आहे, म्हणालो.

१९ जानेवारी, सोमवार
चुना दिला नाही. ११.१०. यान पार डोंगराकडून गेलं, माशीएवढं. यश! वाढीव मुदतीच्या आत.
११.३०. चहा हलला नाही. मल्लम्मा काही म्हणाली नाही. निवांत असेल.

२१ जानेवारी
काही नाही. शिवरंजनीला विचारलं, तुला काही ऐकू आलं का? नाही म्हणाली. या वेळी तिचे कान बरोबर निघाले.

२३ जानेवारी
समाधीला कान लावला. माती गार. भीती वाटली. तिचा आवाज यायचा तेव्हा एवढी वाटली नव्हती.

२६ जानेवारी, सोमवार
पहाटेच चुना भिजवला. तीन हात दिले. अकरापासून टोपी हातात धरून बसलो.
११.१०. नाही.
११.२५. लेट असेल.
११.४०. मुजीबचा फोन. पायलटला आता ढाब्याचा निळा पत्रा गावलाय. आज दिसती, उद्या न्हाय, असली खूण नको म्हनला. ‘जितलाव, साहेब!’ म्हणाला. मी थँक यू म्हणालो.
एकतीस वर्षं रद्द झालेल्या फेऱ्या माइकवर जाहीर केल्या. चुना सुकेपर्यंत तिच्याजवळ बसलो, पण ही फेरी रद्द झाली हे तिला सांगता आलं नाही.