फुटाण्याच्या भट्टीला आलेली नोटीस

पंचवटी, नाशिक
दसऱ्यानंतरचा सोमवार

श्री. गोटीराम व्याही यांना धोंडीरामचा भट्टीच्या दारातून नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? तुमचा मयूर म्हणाला, चढाला अजून कुरकुरतो. विहीणबाईंचा खोकला गेला का? त्यांना सांगा, आमच्याकडचे गरम फुटाणे खोकल्याला चालत नाहीत, तरी पाठवतो. मयूरच्या जीपची तब्येत कशी आहे? (ती घरातलीच, म्हणून विचारलं.) काळी गाय व्याली का? नागली कशी आहे? इकडे तुमच्या जावयाची, सुयशची, कंपनीत रात्रपाळी चालू आहे, म्हणजे तो एकतर झोपलेला असतो किंवा निघालेला असतो, त्यामुळे ठीकच असावा. आमच्या सौ. भिमाबाईंची साखर डॉक्टर म्हणतात वाढली, त्या म्हणतात डॉक्टरांचं मशीन वाढवून सांगतं. आणि तुमची लेक, आमची सून चैताली, उत्तम आहे. तिच्याचमुळे आज हे पत्र लिहायला भट्टी चालू आहे, नाहीतर दाराला सील असतं.

झालं असं, की ऐन नवरात्रात अग्निशमनवाल्यांची नोटीस आली. कुंभमेळा तोंडावर आला म्हणून गल्लोगल्ली तपासणी चालली आहे म्हणे. मागचं दार बंद, पोती भट्टीजवळ, आग विझवायचं साधन निकामी, वाळूच्या बादल्या नाहीत. तरी भट्टी बंद का करू नये याचा लेखी खुलासा करावा. व्याही, तुम्हाला माहीत आहे, दिवाळीच्या चिवड्याला लागणारे डाळं-शेंगदाणे भाजण्यावरच आमचं वर्ष निघतं. दिवाळीआधी भट्टी विझली, तर पुढे पेटवून काय उपयोग? माझ्या तोंडचं पाणीच पळालं.

खुलासा आधी मीच लिहायला बसलो. मी शाळा लवकर सोडलेला माणूस, पुड्या बांधायच्या रद्दीवरून वाचायला शिकलो (त्यामुळे जगातल्या बहुतेक बातम्या मला अर्ध्याच माहीत आहेत, उरलेला अर्धा भाग गिऱ्हाईक घेऊन गेलेलं असतं). साहेबांच्या घरच्या सगळ्यांची खुशाली विचारली आणि मग लिहिलं, की आगीची काळजी नसावी, आमच्याकडे ती वडिलांच्या काळापासून रोज असते आणि आम्ही तिला कधी विझू दिलेलं नाही. चैतालीने ते वाचलं, डोळ्यांत पाणी येईतो हसली, पदर तोंडाला लावून म्हणाली, "आप्पा, हे पाठवलंत तर ते सील लावायला बँड घेऊन येतील." मग तिने स्वतः लिहिलं. जे चुकलं ते कबूल, सुधारतो आहोत, येऊन बघावं. बास, एवढंच. खुशाली कुणाची नाही. मला ते जरा कोरडं वाटलं, पण पोचल्याची सही मिळाली.

मग मागच्या दाराचं काम निघालं. खरं सांगतो, पोत्यांच्या थप्पीमागे आपल्याला दार आहे हे मी विसरूनच गेलो होतो. पोती हलवून दार आत ओढलं, तर त्याबरोबर कपड्यांची दोरी आत आली, दोरीवरची दोन लुगडी आली आणि लुगड्यांमागे पलीकडच्या काकू आल्या. दाराच्या कडीला त्यांनी दोरी बांधलेली. त्या मलाच विचारतात, "माझ्या भिंतीला दार कुणी पाडलं?" समजूत घालताना अर्धा दिवस आणि शेंगदाण्यांचं एक पुडकं गेलं. पण व्याही, त्या दारातून काय वारा येतो हो! आमचा भट्टीवाला बहिरू इतकी वर्षं धुरात खोकत होता, तो आता दुपारची भाकरी त्याच दारात बसून खातो. नोटीस देणाऱ्याचं भलं होवो.

साहेब आले तेव्हा गाडी गल्लीत शिरेना, म्हणून चालतच आले. पहिल्यांदा त्यांना दिसलं आमचं आग विझवायचं जुनं लाल नळकांडं. नवेपणा जाऊ नये म्हणून मी त्याचं प्लास्टिक कधी काढलं नव्हतं, आणि दसऱ्याला भिमाबाईंनी त्याला हळदकुंकू लावून झेंडूचा हार घातलेला. साहेबांनी त्यावरची तारीख वाचली, हाराकडे बघितलं आणि म्हणाले, "हार बरोबर घातलाय. हा केव्हाच गेलाय." (नवीन आणलं आहे. प्लास्टिक काढलं आहे. माझा जीव कसा झाला ते माझं मला ठाऊक.)

आता खरी फजिती ऐका. बादल्यांत कोरडी, मोकळी वाळू हवी, असं कागदात होतं. भट्टीच्या कढईतली वाळू म्हणजे बहिरूचा जीव. ती तो चाळतो, जपतो, वापरून वापरून काळी चकचकीत झालेली, कुणाला हात लावू देत नाही. मी म्हटलं, नदीवरची कशाला आणायची, आपली एवढी चांगली आहे. बहिरूनेही मोठ्या मनाने, साहेब दारात आलेले बघून, कढईतली ताजी वाळू लाल बादल्यांत ओतली. साहेबांनी तपासायला म्हणून मूठ घातली आणि "आई गं!" म्हणून बादलीपासून उडालेच. तेवढ्यात बादलीत राहिलेला एक हरभरा टप्पकन फुटला आणि त्यांच्या टोपीला लागला.

"ही आग विझवायला ठेवलीय का लावायला?"

बहिरू म्हणतो, "सायेब, कोरडी पायजे व्हती ना? याच्याहून कोरडी नाशकात दावा."

मी मनात म्हटलं, संपलं, गेली दिवाळी. चैतालीने साहेबांचा हात नळाखाली धरला, आणि गार पाण्याने की काय, साहेबांना हसू फुटलं. (हाताला फोड आला नाही, मी दुसऱ्या दिवशी जाऊन विचारून आलो.) मग त्यांनी एकेकाला विचारलं, पोत्याने पेट घेतला तर काय कराल? मी म्हटलं, आधी देवाचं नाव घेईन. बहिरू म्हणाला, "वाळू वाचवंन." भिमाबाई म्हणाल्या, "ह्यांना हाक मारीन." साहेबांनी कपाळाला हात लावला, तो भाजलेलाच होता. शेवटी चैतालीला विचारलं. ती म्हणाली, "आधी माणसं मोजायची, मागच्या दाराने बाहेर काढायची, मग आगीकडे बघायचं. आणि सगळे बाहेर आले की आत कशासाठीही परत जायचं नाही." कुठे शिकलात, म्हणाले. तर म्हणते, "सुरगाण्याला, आबांकडे. डोंगराला वणवा लागला की आबा आधी आम्हाला मोजायचे."

व्याही, तेव्हा मला तुमच्या पाया पडावंसं वाटलं (तुमचा गुडघा बरा झाला की पडेन, नाहीतर तुम्ही वाकून अडवायला जाल). परवानगी मिळाली. भट्टी जोरात चालू आहे. तुमचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत.

विहीणबाईंना नमस्कार, मयूरला आशीर्वाद.

तुमचा,
धोंडीराम

ता. क. परवानगीत एक अट आहे. भट्टी पेटलेली असेल तोवर जबाबदार व्यक्ती जागेवर हजर हवी, आणि कागदावर नाव पडलं आहे चैतालीचं. तेव्हा यंदा मयूरला दिवाळीला तिला न्यायला पाठवू नये, ही हात जोडून विनंती. सरकारी काम आहे, माझ्या हातात काही नाही.

ता. क. आबा, पत्र टाकायला मी निघाले म्हणून वाचलं. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी भट्टी विझते ती पाच-सहा दिवस पेटत नाही. आप्पांनी एवढंच लिहायचं ठेवलं. मागच्या दिवाळीला मी तिकडे होते तेव्हा आप्पाच रोज फोन करून मीठ कुठे ठेवलंय ते विचारायचे. मयूरला पाडव्याला पाठवा. — चैताली

ता. क. मीठ खरंच सापडत नव्हतं. बरं, पाठवतो. पण भाऊबीज झाली की ती कुठल्या दिवशी निघणार, एवढं कळवा. उत्तर लवकर लिहा, टपालाचा भरवसा नसेल तर जीपवाल्याबरोबर चिठ्ठी द्या.