शो आधी बोलायचं नाही

११ एप्रिल
आमच्या क्रिकेट-गप्पांच्या लाइव्ह शोमध्ये जोडीदार गजाने आज पुन्हा माझा कचरा केला. मी स्पिनरच्या मनगटावर बोलतोय, आणि हा म्हणतो, "सुधीरभाऊ चांदूर रेल्वेच्या मॅचमधी दिवसभर पॅड बांधून बसले, बॅटिंग आलीच नाही. तवापासून लोकायचे मनगट पाहून राहिले." कॅमेरामन खो खो. अकोल्याहून सासऱ्यांचा फोन: पॅड सोडले का जावईबापू?

१३ एप्रिल
मालकाला (चॅनल त्याचं, गाळा त्याचा, अक्कल उसनी) सांगितलं, एक तर तो, नाहीतर मी. म्हणाला, मग तुम्हीच सांगा त्याला. बडनेऱ्याला गेलो. गजा त्याच्या वाइंडिंगच्या दुकानात पंपाची जळालेली मोटार भरत बसला होता. "मले काहून काढून राहिले?" म्हटलं, लोक तुझ्या जोकवर हसत नाहीत रे, तुझ्या गावठी बोलण्यावर हसतात. खोटं होतं, पण वर्मी बसलं. चेहराच उतरला त्याचा. बरं वाटलं.

१८ एप्रिल
नवा जोडीदार. अकोल्याचे प्राध्यापक, शारीरिक शिक्षणाचे. इस्त्रीतला माणूस. शो आधी चहावर सगळी मॅच बोलून संपवतात, कोण काय म्हणणार तेही ठरवतात. माझा नि गजाचा नियम उलटा. शो आधी चकार शब्द नाही, तो खालच्या टपरीच्या त्या टोकाला, मी या टोकाला. भांडण माइकसाठी राखायचं. शो झाला की एकाच प्लेटमधून दही-चटणीतला गिला वडा.
मी म्हटलं पिच कोरडं. "अगदी बरोबर." मुद्दाम म्हटलं, तसं ओलंच आहे. तेही अगदी बरोबर. यापेक्षा शोकसभा बरी.

२६ एप्रिल
कमेंट: "गजाभाऊ कुठी गेले?" दुसरी: "दोघं सर मिळून झोपवून राहिले." बघणारे गळतायत. वाटलं होतं, गजा गेला की मी हुशार दिसेन. नुसता हुशार माणूस कुणाला बघायचाच नसतो.
मालक म्हणतो गजाला आणा, नाहीतर शो बंद. शो गेला तर मी कोण? पॅड बांधून बसलेला तो माणूस.

२८ एप्रिल
बडनेरा. गजाने बसायला स्टूलही दिलं नाही. तोंडातल्या तोंडात माफी मागितली. तो तांब्याची तार गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "येतो. पण त्या दिवशी तुमी मले जे म्हटलं ते शोमधी म्हणा. जसंच्या तसं."
हो म्हटलं. दुसरं काय करणार.

३० एप्रिल
म्हटलं, लाइव्ह, शब्दन् शब्द. गजा कॅमेऱ्याकडे बघत, "ज्याले कोणी बॅटिंगले पाठवलं नाही, तो मले टीममधून काढून राहिला होता." मीही हसलो, हसावंच लागतं. इतके लोक आजवर कधीच नव्हते. सगळ्यांचं एकच, काय जमतं राव दोघांचं!
खाली उतरून वडे सांगितले. गजा गाडीला किक मारून निघून गेला. प्लेट एकट्याने संपवली.

९ मे
शो जोरात. मालक खूश. गजा रोज माझं नवीन काहीतरी काढतो, नेम चुकत नाही. पूर्वी जास्त लागेल असं बोलला की टेबलाखाली पायाने पाय दाबायचा, गंमत आहे म्हणून. आता पाय आखडून बसतो. शो आधी बोलत नाही, तो नियमच. आता नंतरही बोलत नाही.
उद्या फायनलचा शो. सासऱ्यांचा फोन आला होता. गजा अकोल्याला त्यांच्याकडे येऊन, चहा पिऊन, बराच वेळ बसून गेला म्हणे. काय काय विचारलं त्याने, म्हटलं. सासरे नुसते हसले. म्हणाले, उद्या पाहूच की आम्ही.