बस्ता फाडण्याआधी

फागणे, ता. धुळे
१८ एप्रिल १९७२

प्रिय सुनंदा,

साखरपुडा झालेल्या मुलीला नवऱ्या मुलाने पत्र लिहिणं आपल्या लोकांना रुचायचं नाही, म्हणून पाकीट तुझ्या शाळेच्या पत्त्यावर टाकतो आहे. हेडमास्तरांनी विचारलंच तर शिक्षणखात्याचं आहे म्हण. माझं अक्षर पाहून त्यांचा विश्वास बसायचा नाही, पण तेवढं तू निभावून ने.

येत्या सोमवारी दोन्हीकडची मंडळी लग्नाच्या कापडांचा बस्ता फाडायला धुळ्याला जाणार, आग्रा रोडवर नेमीचंदशेठच्या दुकानात. आमच्या घरी चार दिवस दुसरा विषय नाही. कोणत्या मामीला कोणतं लुगडं, कोणत्या काकाला फेटा, यावरून आईचं आणि आत्याचं दोनदा वाजलं. फौजेत जाण्याआधी मी त्या दुकानात सात वर्षं कापड फाडलं, म्हणून गादीवर बसून निवड मीच करायची, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलंय. शेठना कळवायला काल मी गेलो होतो. त्यांचा मुलगा अभयकुमार माझ्या बरोबरीचा. मला पाहून तो इतका खूश झाला, की हातातलं गिऱ्हाईक न सोडताच बोलायला लागला आणि बोलता बोलता त्याने मांजरपाट फाडला.

भानावर आलो तेव्हा मी धोतरजोड्यांच्या थप्प्यांमध्ये पालथा पडलो होतो, दोन्ही हात डोक्यावर. शेठचा चहा सांडला होता. गिऱ्हाइकं आधी हसली, मग माझं तोंड पाहून एकाने पाणी आणलं. चक्कर आली, असं मी सांगितलं. ते खोटं होतं. त्याआधीचं खोटं मी तुझ्याशी बोललो आहे, तेच आज निस्तरायला बसलोय.

साखरपुड्याच्या दिवशी पाण्याचा तांब्या पुढे करताना तू हळूच विचारलंस, भाऊ शेवटी काही बोलला का? मी म्हणालो, त्याला वेळच मिळाला नाही. वेळ मिळाला होता, सुनंदा. हिलाल बोलला होता.

पण आधी माझी फुशारकी सांगतो, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. कापड कात्रीने नुसतं टोचायचं आणि दोन्ही हातांनी सरळ फाडायचं, ही आमच्या धंद्यातली रीत. फाडताना प्रत्येक कापड वेगळं बोलतं. मांजरपाट भसाडा, पॉपलीन बारीक आणि ताडपत्रीचं जाड कापड तर गुरगुरतंच. शेठ मला भिंतीकडे तोंड करून बसवायचे, मागे कापड फाडायचे आणि मी ओळखायचो. सात वर्षांत एकदाही चुकलो नाही. फौजेत हिलालने ही गोष्ट तंबूतंबूत सांगितली. भरतीला आम्ही एकाच दिवशी उभे राहिलो आणि पुढे एकाच तोफेवर आलो, तेव्हापासून माझी जाहिरात करायचा मक्ता त्याच्याकडेच होता. तुझीही जाहिरात तो असाच करायचा. ‘मन्ही बहीन मास्तरीन शे, तुले सुधारी टाकी,’ म्हणायचा.

डिसेंबरात आम्ही राजस्थानात एका विमानतळाच्या राखणीला होतो. आमची तोफ जुनी. चार-चार गोळ्यांची फणी हाताने भरायची आणि एका सेकंदात दोन गोळे सुटले तरी आम्ही स्वतःला शाबासकी द्यायचो. फण्या भरायचं काम हिलालचं. गोळ्यांना वाळू लागली की तोफ अडते, म्हणून बारा पावलांवर गोळ्यांचा खड्डा होता आणि त्यावर ताडपत्री. तिला तो जिवापाड जपायचा.

शत्रूच्या विमानातल्या तोफेबद्दल सुभेदारांनी मला सांगितलं ते मागाहून, दवाखान्यात. तिला सहा नळ्या असतात आणि त्या गरगर फिरतात. सहा जावांनी पाळीपाळीने एकच जातं ओढावं, तशी एक नळी गोळा सोडते तोवर बाकीच्या निवतात. शंभर वर्षांपूर्वी अशी बंदूक हाताने दांडा फिरवून चालवायचे, आता यंत्र फिरवतं. सेकंदाला शंभर गोळे. मशीनगनसारखी धडधड कानाला येतच नाही, कारण दोन गोळ्यांमध्ये फटच उरत नाही. नुसता एक लांब आवाज येतो, फर्रर्र. आणि तोही गोळे येऊन गेल्यावर. हे मला चार दिवस आधी कुणी सांगितलं असतं तर!

त्या दिवशी सकाळी वारा फार होता. भोंगा वाजलाच नाही. विमान उन्हाच्या बाजूने आलं आणि धावपट्टीच्या पार पलीकडच्या टोकाला गोळे ओतून गेलं. वाऱ्यात आणि उडत्या वाळूत आम्हाला ते ना दिसलं, ना त्याची घरघर कळली. आला तो फक्त तो आवाज. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी, नेमीचंदशेठच्या दुकानातला तो शहाणा, क्षणभरही न थांबता म्हणालो, ताडपत्री फाटली.

हिलाल लगेच उठला. ‘अभिमननी सांगं म्हंजे फाटनीच व्हई. दखीसन येस मी.’ पाहून येतो म्हणाला, तेच त्याचे शेवटचे शब्द. तो हसतच तोफेभोवतीच्या वाळूच्या पोत्यांच्या मोर्चाबाहेर गेला. सहा-सात पावलं गेला असेल, तेवढ्यात विमान वळून आमच्यावर आलं. त्याच्याभोवतीची वाळू एकदम उभी राहिली. माझ्या डाव्या हाताची दोन बोटं गेली ती तेव्हाच, हात मोर्चाच्या काठावर होता म्हणून. त्यानंतर मला तो आवाज पुन्हा ऐकू आला. हिलालला तो ऐकू आला नाही.

त्याला उचलून आणल्यावर मी खड्ड्यापाशी गेलो. ताडपत्रीचे चारही कोपरे त्याने बांधले होते तसेच होते. ती कुठेही फाटली नव्हती.

तुझी आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, ‘मन्हा पोरनी तोफ सोडी नही.’ तसं मीच तिला सांगितलं. तोफेसाठीच तो उठला होता, एवढं त्यात खरं आहे. पण तो माझ्या शब्दावर उठला. सुभेदार म्हणाले, तुझा दोष नाही. सुभेदारांना बहीण देऊन कुणी सोयरीक करत नाहीये, त्यांचं काय जातंय! तू मात्र भावाने शब्द दिला म्हणून मला पत्करते आहेस. आखाजीच्या सणाला तुला माहेरी न्यायला भाऊ येणार नाही, आणि तो का येणार नाही ते तुझ्या ताटात जेवणाऱ्या माणसाला ठाऊक असेल. हे लपवून मला तुझ्याशी संसार करता येणार नाही.

म्हणून सोमवारच्या आत लिहिलं. फाडलेलं कापड कोणताही दुकानदार परत घेत नाही, आणि बस्ता फाडल्यावर मोडलेल्या लग्नाचा बोल मुलीलाच लागतो. सकाळी नऊपासून मी दुकानाबाहेर उभा असेन. तू आली नाहीस, तर माझ्याकडूनच मोडलं असं मी दोन्ही घरांना सांगेन. आलीस, तर तुझ्या आईला खरं काय ते आपण दोघांनी मिळून सांगू. मग आत येईन, आणि शेवटचं लुगडं फाडून होईपर्यंत कानांवर हात न ठेवता उभा राहीन.

‘तुझाच’ लिहायचं सोमवारपर्यंत राहू देतो.

अभिमन