नळी काचेची की प्लास्टिकची

लुइसटाउन, मोंटाना
२ सप्टेंबर १९९६

चि. कॅरिनला अ. उ. आ.

बाबा घरी काडतुसं भरतात, तेव्हा बंदुकीची दारू मोजायच्या यंत्राला लागणारी नळी वसंतात मी प्लास्टिकची करून दिली होती. ती आतून पिवळी पडली. बाबा म्हणाले, कॉलेजात जाऊन भंगार ओळखायला शिकला नाहीस! मी ऐकून घेतलं. पण उरलेले दोन तुकडे तपासले. एकात दारू तासभर ठेवली, तो स्वच्छ राहिला. दुसऱ्यात आठवडाभर, तो तसाच पिवळा झाला.

काम संपताच नळी रिकामी करायची, हे आपल्याला त्यांनीच शिकवलं. आता तेच विसरतायत. उद्या आत कुठली दारू आहे हे विसरून दुसरी ओतली, तर बंदूक तोंडावर फुटेल.

आता काचेची मागतायत. काचेवर डाग पडत नाही, तेव्हा तीच करून द्यावी म्हणतो. म्हणजे त्यांचा मान राहील आणि मला बोलावं लागणार नाही. दुसरं कारणच खरं असावं, अशी शंका येते. थकलोय गं.

तुझा,
नेल्स

डुलूथ, ७ सप्टेंबर

ती. दादास सा. न. वि. वि.

बुटाची नाडीसुद्धा तीनदा तपासणारा तू, आणि बाबांशी बोलायचं काम नळीवर ढकलतोस? दोन्ही नळ्या कर, त्यांच्यापुढे ठेव आणि सगळं सांग. मी तिथे नाही, म्हणून मला हे लिहिणं सोपं जातंय, हेही कळतं. रागावू नकोस.

तुझी,
कॅरिन

लुइसटाउन, २३ सप्टेंबर

चि. कॅरिनला अ. उ. आ.

सांगितलं. आधी म्हणाले, बापावर पाळत ठेवतोस होय! मग काचेची नळी बराच वेळ फिरवून बघितली आणि परत केली. म्हणाले, ही तुझ्यासारखीच, तोंडातून अक्षर काढायची नाही. प्लास्टिकची बसवली आणि मला दर शनिवारी यायला बजावलं.

परवा गेलो, तर नळी त्यांनी स्वतःच काढून ठेवली होती. तळाशी पिवळी कड होती. मी काही बोलायच्या आत त्यांनी यंत्राचे बोल्ट सोडवायला घेतले. मी हात पुढे केला, पण मला पाना दिला नाही. एल्कच्या शिकारीसाठी यंदा दुकानातून तयार काडतुसं आण म्हणाले. आणि कुठली चांगली असतात, ते मलाच विचारलं.

लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझा,
नेल्स